शंभर काड्या

पुण्याच्या रेसकोर्सपासून हाकेच्या अंतरावर, घोरपडीत, दोन भाऊ वाढले. वडील मोतद्दार. जन्मभर दुसऱ्यांच्या घोड्यांना खरारा केला, पण शर्यतीवर एक रुपया लावला नाही. रेसच्या नादाने बसलेली घरं त्यांनी आपल्याच गल्लीत पाहिली होती. थोरल्याने घोड्यांचं नाव टाकलं आणि टेम्पो घेतला. धाकट्याचा जीव मात्र घोड्यांतच अडकला. पावसाळ्यात पुणे, हिवाळ्यात महालक्ष्मी असं करत तो सकाळच्या सरावाचे घोडे पळवायला लागला आणि पंचविशी उलटायच्या आत वर्क रायडर म्हणून इंग्लंडला, बर्कशरमधल्या लॅम्बर्नला जाऊन पोचला. आपल्याकडची बरीच मुलं आज तिकडच्या तबेल्यांत आहेत. घोडा पुण्याचा असो की लॅम्बर्नचा, त्याला समजून घेणारा हात लागतो, आणि तो हात या पोराकडे होता.

तिथे त्याला नवी वाटली ती हर्डल. पुण्या-मुंबईत शर्यती सपाट मैदानावरच्या. इथे वाटेत साडेतीन फुटी, काटक्या विणलेल्या चौकटी, घोड्याच्या धावेच्या दिशेने किंचित कललेल्या, खूर लागला तर आडव्या होणाऱ्या. दोन मैलांच्या शर्यतीत अशा निदान आठ. नीट उडी मारणारा घोडा दर चौकटीपाशी थोडं थोडं कमावतो आणि बिचकणारा तितकंच गमावतो. शेवटी निकाल लागतो तो या किरकोळ वाटणाऱ्या बेरजेवर.

हँडिकॅप मात्र त्याला घरचा होता. ज्याने जास्त करून दाखवलं, त्याच्या पाठीवर जास्त वजन. ब्रिटनमध्ये हँडिकॅपर प्रत्येक घोड्याला आकडा देतो आणि आकड्यातला एक गुण म्हणजे पाठीवरचा एक पाउंड. १४० च्या घोड्यावर ११ स्टोन १२ पाउंड, म्हणजे जॉकी-खोगीर धरून पंचाहत्तर किलो ठेवले, तर १२६ च्या घोड्यावर त्याहून चौदा पाउंड कमी. एकोणिसाव्या शतकात ॲडमिरल राऊस नावाच्या गृहस्थांनी या कामाला शिस्त लावली. हँडिकॅपरचं स्वप्न एकच: सगळे घोडे एका रेषेत यावेत. दुबळ्याला हाकलून न देता, बलवानाचे पाय न बांधता, दोघांना एकाच मैदानावर खरोखरीची संधी देणारी ही युक्ती मला माणसाने शोधलेल्या सुंदर गोष्टींपैकी एक वाटते. पण ज्या शर्यतीत सगळ्यांनाच संधी द्यायची म्हणून खटपट केलेली असते, तिथे कुणा एकाची संधी किती हे सांगणं अवघड होऊन बसतं.

धाकट्याकडे तीन घोडे होते, त्यातला एक लाडका. सहा वर्षांचा, तपकिरी, मोठ्या कानांचा. कार्डावरचं नाव लांबलचक. हा त्याला सर्जा म्हणायचा. खोगिराचा पट्टा आवळताना सर्जा पोट फुगवून धरायचा, मग धाकटा त्याच्या मानेवर थाप देत चार पावलं चालवायचा आणि पट्टा पुन्हा ओढायचा. नोव्हेंबरपर्यंत सर्जाच्या घशात खोट होती. चढावरच्या गॅलपच्या शेवटच्या टप्प्यात घरघर सुरू व्हायची आणि त्याचा वेग गळून जायचा. घशाची शस्त्रक्रिया झाली. जानेवारीत तो सँडाउनला पळाला, चिखलात रुतत सहावा आला. पण फेब्रुवारीतल्या एका सकाळी धाकट्याने त्याला चढावर सोडला आणि माथ्यावर पोचेपर्यंत कान लावून ऐकलं. घरघर नव्हती. फक्त खुरांचा आवाज आणि मोकळा, खोल श्वास.

त्याच रात्री त्याने पुण्याला फोन लावला. "दादा, न्यूबरीच्या मोठ्या हर्डलला सर्जा लागतोय. काळ्या दगडावरची रेघ."

"वडिलांची शपथ विसरलास?"

"वडिलांना कधी एवढं माहीत नव्हतं, दादा. मी रोज त्याच्या पाठीवर बसतो."

थोरला बराच वेळ गप्प राहिला. मुलीच्या नर्सिंग कॉलेजच्या फीसाठी ठेवलेले पन्नास हजार घरात होते. पुढच्या वर्षीचे कुठून आणायचे याचा घोर होताच. "शुक्रवारी तुझ्या खात्यावर टाकतो," तो म्हणाला.

तबेल्याशेजारी एक म्हातारा राहायचा. पूर्वीचा हेड लॅड, म्हणजे तबेल्याचा मुकादम. नोकरी संपली तरी रोज संध्याकाळी येऊन घोड्यांच्या पायांवरून हात फिरवायचा, कुठे ऊब लागते का बघायचा. धाकट्याने त्याला आनंदाच्या भरात सगळं सांगितलं. म्हातारा सर्जाच्या पुढच्या पायाशी वाकलेला होता, तो वर न बघताच म्हणाला, "गुरुवारी घोड्यांची शेवटची यादी लागेल. ती घेऊन माझ्याकडे जेवायला ये."

गुरुवारी जेवण झाल्यावर म्हाताऱ्याने टेबल पुसलं, चोवीस घोड्यांची नावं चोवीस चिठ्ठ्यांवर लिहिली आणि मांडली. मग काड्यापेट्या रिकाम्या करून शंभर काड्या मोजून धाकट्यापुढे सरकवल्या. "जिंकणार एकच. ज्याची जेवढी शक्यता वाटते तेवढ्या काड्या त्याच्या चिठ्ठीवर ठेव. शंभरच्या वर मिळणार नाहीत."

धाकट्याने पंचेचाळीस मोजून सर्जावर ठेवल्या. आपण हात आखडताच घेतलाय असंच त्याला वाटत होतं.

"बरं," म्हातारा म्हणाला. "आता एकेकाकडे बघू. प्रत्येकाला मी एकच विचारणार आहे: हा जिंकला तर तुला नवल वाटेल का?"

सगळ्यात वर १४० रेटिंगचा घोडा होता. वीस शर्यती पळालेला, क्वचितच पहिल्या सहांच्या बाहेर, आणि दोन वर्षांत एकदाही न जिंकलेला. हँडिकॅपरला त्याचा शेवटचा पाउंडही ठाऊक होता. लपवायला त्याच्याकडे काही उरलं नव्हतं. तीन काड्या. त्याच्याखाली पाच वर्षांचा एक घोडा, १२९ चा, हर्डलवर फक्त तीनदा पळालेला, शेवटच्या वेळी आठ लेंथने आणि जॉकीने हात न हलवता जिंकलेला. तीन शर्यतींवरून दिलेला आकडा म्हणजे हँडिकॅपरने अंधारात टाकलेलं पाऊल. खरा घोडा १३० चा असेल, १४५ चाही असेल. म्हातारा इथे बराच वेळ थांबला. "अशा शर्यतीत कागदावरचा चांगला घोडा शोधायचा नसतो. ज्याचा तळ अजून लागला नाही तो शोधायचा असतो. आणि असे इथे किती आहेत ते मोज." धाकट्याने मोजले. सर्जा धरून सात होते. त्या पोरसवद्या घोड्यावर चौदा काड्या गेल्या.

पुढचा घोडा उडी मारताना उजवीकडे सरकायचा आणि न्यूबरीचं मैदान डाव्या वळणाचं. प्रत्येक चौकटीपाशी तो जमीन गमावणार. दोन. आयर्लंडहून आलेले दोघे: समुद्र ओलांडून, खर्च करून आणलेला घोडा कुणी हवापालटासाठी आणत नाही. नऊ आणि सात. एकाला चिखल हवा होता आणि आठवडाभर पाऊस नव्हता, पण शनिवारपर्यंत इंग्लंडच्या आभाळाचा भरवसा कोण देणार? चार. मग आणखी तिघे, सहा, पाच, पाच. पुढे राहून पळणारे पाच घोडे यादीत होते, म्हणजे सुरुवातीपासून वेग तुफान असणार आणि मागे दम राखून राहणाऱ्यांचं फावणार. हे लक्षात आल्यावर धाकट्याने स्वतःच दोन ठिकाणच्या काड्या अदलाबदल केल्या. तो आता खुर्चीत पुढे सरकून बसला होता.

सर्जाखेरीज नवव्या चिठ्ठीपाशी काड्या संपल्या. चौदा घोडे रिकामे होते.

"यांपैकी कुणी जिंकणं अशक्य आहे का?" म्हाताऱ्याने विचारलं.

धाकट्याने चौदाही फॉर्म वाचले. अशक्य असा एकही नव्हता. घोडा तिथवर पोचला म्हणजे कुणीतरी त्याच्यावर पैसा, वेळ आणि उमेद खर्च केलेली असते. काड्या कुठून तरी आणायला हव्या होत्या. त्याने आयरिश घोड्यांकडे बघितलं, पाच वर्षांच्या घोड्याकडे बघितलं, आणि शेवटी सर्जाच्या ढिगातून तीन उचलल्या. मग दोन. मग आणखी दोन. म्हातारा चहा करायला उठला होता, त्याने एक शब्द उच्चारला नाही.

"पण मी त्याचा श्वास ऐकलाय," धाकटा एकदम म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "घरघर गेली. हे दुसऱ्या कुणालाच माहीत नाही."

"शस्त्रक्रिया झाली हे रेसकार्डावर छापतात. २०१८ पासून तसा नियमच आहे. ती लागू पडली हे तुला माहीत आहे, खरं. त्याचं वजन आहेच." म्हाताऱ्याने दोन कप खाली ठेवले. "पण मुला, बाकीच्या तेवीस घोड्यांच्या पाठीवरही रोज सकाळी कुणीतरी बसतं. त्यांनी काय ऐकलंय?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतं. मला या गोष्टीतला हा क्षण सगळ्यात मोठा वाटतो. आपल्याजवळची आतली बातमी म्हणजे जगातली एकमेव बातमी, असं आपण किती सहज धरून चालतो! आपल्या मुलाची हुशारी आपण रोज बघतो, म्हणून त्याची स्पर्धापरीक्षा आपल्याला सोपी वाटते. त्याच रात्री दुसऱ्या गावात दुसऱ्या दिव्याखाली कोण बसलंय ते आपल्याला दिसत नाही.

काड्या वाटून झाल्या तेव्हा सर्जावर बारा उरल्या. धाकट्याने दोनदा मोजल्या. बाराच.

"आता बाजारात बघ," म्हातारा म्हणाला. बुकींचा भाव एकास सात होता. सात त्यांचे, एक आपला, मिळून आठ भाग. शंभराचा आठवा भाग साडेबारा. म्हणजे सर्जा बारा काड्यांचा आणि बुकी त्याची किंमत साडेबारा काड्या लावत होता. चोवीसही घोड्यांचे भाव असेच काड्यांत मांडून बेरीज केली तर ती एकशे तीस भरली. वरच्या तीस काड्यांवर बुकीचं घर चालतं. "घोडा चांगला आहे. भावात मात्र तुझ्यासाठी काही ठेवलेलं नाही."

घरी परतताना धाकट्याने पुण्याला फोन लावला. तिकडे मध्यरात्र उलटली होती. "दादा, पैसे पाठवू नकोस. शंभरात बारा काड्या आहेत."

"परवा तर काळ्या दगडावरची रेघ म्हणालास!"

"परवा मी एकच घोडा बघितला होता. आज चोवीस बघितले."

थोरल्याने फोन ठेवला. पैसे कपाटातच राहिले.

शनिवारी घोड्यांच्या गाडीतून न्यूबरीला जाताना म्हाताऱ्याने एक जुनी हकीकत सांगितली. हीच शर्यत, तेव्हा श्वेप्स गोल्ड ट्रॉफी म्हणत. १९६३ ला ती सुरू झाली आणि पहिल्या पाचांपैकी चार कॅप्टन रायन प्राइस या ट्रेनरच्या घोड्यांनी मारल्या. १९६४ च्या विजयानंतर त्याचं लायसन्स मोसम संपेपर्यंत काढून घेतलं होतं, त्यामुळे लोकांच्या मनात संशय मुरलेला. १९६७ ला त्याचा हिल हाउस आला. आठवडाभर आधी सँडाउनला चौथा आलेला घोडा न्यूबरीला अठ्ठावीस घोड्यांत बारा लेंथने जिंकला. जॉश गिफर्ड घोडा परत आणत होता आणि लोक हुर्यो करत होते. "मी तेव्हा लहान होतो. बाप ओरडत होता, म्हणून मीही ओरडलो. आमचं ठरलंच होतं: सँडाउनला मुद्दाम आवरला, इथे सोडला. त्यात तपासणीत घोड्याच्या अंगात कॉर्टिसॉल नेहमीपेक्षा जास्त सापडलं. मग तर काय, पुरावाच मिळाला."

"मग?"

"घोड्याला न्यूमार्केटच्या संशोधन केंद्रात नेऊन ठेवलं. पुन्हा पुन्हा तपासलं. ते कुणी टोचलेलं नव्हतं. त्या घोड्याचं शरीरच तेवढं तयार करत होतं. काही महिन्यांनी प्राइस निर्दोष सुटला. अठ्ठावीस घोड्यांतला एक आपल्या रक्तात असं काही घेऊन पळतोय हे त्या दिवशी मैदानावर कुणालाच ठाऊक नव्हतं. प्राइसलाही नाही."

गाडी वळली. म्हाताऱ्याने आणखी एवढंच सांगितलं, की पुढच्याच वर्षी पर्शियन वॉर या पाच वर्षांच्या घोड्याने ११ स्टोन १३ पाउंड पाठीवर घेऊन हीच शर्यत जिंकली. एवढ्या वजनाने एवढं कोवळं पोर जिंकत नसतं असं जाणकार सांगत होते. त्या पोराने मग चॅम्पियन हर्डल लागोपाठ तीन वेळा मारली.

शर्यत सुरू झाली तेव्हा धाकटा रेलिंगला धरून उभा होता. पुढच्या पाचांनी वेग असा काही धरला की तिसऱ्या चौकटीपाशीच रांग लांबली. सर्जा मधोमध, आतल्या बाजूला, दम राखून. शेवटच्या सरळ पट्ट्यावर पुढचे एकेक करून विझायला लागले. तीन चौकटी उरल्या असताना सर्जा सहावा होता, दोन उरल्या असताना तिसरा. एरवी इथेच तो घसरायचा. शेवटच्या चौकटीवर त्याने पाय मोकळे टाकून उडी घेतली, पलीकडे उतरला तो पुढेच. पाच वर्षांचा घोडा त्याला गाठायला निघाला आणि गाठता गाठता मागे पडला. सर्जा सहा लेंथने जिंकला.

धाकटा रडत, ओरडत धावला. लगाम हातात घेतला तेव्हा घोड्याच्या अंगातून वाफा निघत होत्या आणि नाकपुड्या फुललेल्या होत्या, पण श्वास स्वच्छ होता. विजेत्याच्या वर्तुळाकडे जाताना कठड्यामागून कुणीतरी ओरडलं, "सँडाउनला कुठे होता रे हा?" दुसरा म्हणाला, "यांना सगळं आधीच माहीत असतं." स्टुअर्डांनी ट्रेनरला बोलावून सुधारणेचं कारण विचारलं. ट्रेनरने शस्त्रक्रिया आणि कोरडी जमीन अशी दोन कारणं दिली, ती नोंदली गेली आणि विषय संपला.

धाकट्याच्या मनातला विषय मात्र संपला नव्हता. फोन वाजला. थोरल्याने शर्यत मोबाइलवर बघितली होती. "साडेतीन लाख," तो म्हणाला. "पोरीचं सगळं शिक्षण. तुला माहीत होतं रे! तुला माहीत होतं आणि तूच मला थांबवलंस."

कठड्यामागचा माणूस आणि सख्खा भाऊ एकच बोलत होते.

"मला बारा माहीत होतं, दादा," धाकटा म्हणाला. "बाराच." पलीकडून फोन बंद झाला होता.

त्या रात्री तो म्हाताऱ्याच्या दारात उभा राहिला. "माझं चुकलं का?"

म्हाताऱ्याने त्याला आत घेतलं. टेबल तसंच होतं. "गुरुवारी तुला जे ठाऊक होतं, त्यात आज काय भर पडली?"

"तो जिंकला."

"ते तर आज. गुरुवारचं सांग. तेरावी काडी द्यायची तर कुणाची काढशील?"

धाकट्याने मनातल्या मनात चिठ्ठ्या मांडल्या. पाच वर्षांच्या घोड्याची काढावी, तर तो दुसरा आला होता. आयरिश घोड्याची काढावी, तर तो तिसरा. दोन-दोन, तीन-तीन काड्यांच्या घोड्यांपैकी एकाने तर शेवटून दुसऱ्या चौकटीपर्यंत सगळ्यांना झुलवत ठेवलं होतं. तो बराच वेळ बसला. साडेतीन लाखांचं दुःख काही कमी झालं नाही; ते व्हावं तसंच होत होतं. पण कुणाची काडी काढावी, ते त्याला सापडलं नाही.

मंगळवारी हँडिकॅपरने सर्जाचा आकडा १२६ वरून १३७ केला. ट्रेनरने मार्चमधली चेल्टनहॅमची काउंटी हर्डल नक्की केली. थोरल्याचा फोन तीन आठवडे आला नाही. पैसे फीत भरले गेले, हे धाकट्याला पुतणीकडून कळलं. शर्यतीच्या दोन दिवस आधी मात्र फोन वाजला.

"पळतोय ना तुझा सर्जा?"

"पळतोय."

"या वेळी किती काड्या?"

"चार."

"जिंकून आलेल्या घोड्याच्या कमी झाल्या?" थोरल्याचा आवाज चढला, मग खाली आला. टेम्पोचं इंजिन बंद केल्याचं ऐकू आलं. "चारच का? नीट सांग मला."

"कागद-पेन आहे का जवळ?"

"पावतीपुस्तक आहे. मागची बाजू कोरी आहे."

"मग लिही. सव्वीस घोडे. सर्जावर गेल्या वेळेपेक्षा अकरा पाउंड जास्त धरायचे, आणि शेवटी चढ आहे, न्यूबरीसारखं सपाट नाही. त्याच्या आधी तो वरून चौथा आयरिश घोडा लिही. हर्डलवर फक्त चार वेळा पळालाय, एकदा पडलाय, म्हणून त्याचा आकडा अजून कुणालाच नीट ठाऊक नाही. त्याला किती द्यायच्या ते तू सांग."